झोपवलेला कॉम्प्युटर

आमच्या घरात कॉम्प्युटर बंद होत नसे, झोपवला जाई. अमेरिकेला निघताना दादाने आईला एवढंच शिकवलं होतं: काम झालं की झोपव, कळ दाबली की होतं तिथूनच पुढे सुरू होईल. तेव्हा आमच्या चिक्कडपल्लीत ज्याच्या त्याच्या घरचं पोरगं कॉम्प्युटर शिकून तिकडे पळत होतं, आणि मागे राहिलेल्या आया चष्मा सावरत, एकेक अक्षर शोधत, इंग्रजी लिपीत मराठी टाइप करत होत्या. आमची आई त्यांतलीच.

दादा तिकडेच गाडीच्या अपघातात गेला. आमच्याकडे आल्या त्या अस्थी.

आदल्याच दिवशी तो आईशी चॅटवर बोलला होता. ‘आई, जेवलीस का?’ हे त्याचं शेवटचं वाक्य. आईने ‘हो रे, तू’ एवढं टाइप केलं आणि ज्या फोनच्या लाइनवर इंटरनेट चालायचं ती तुटली. उत्तर गेलंच नाही. तिने नेहमीसारखा कॉम्प्युटर झोपवला, तो पुढे कोणाला बंद करू दिला नाही. रोज पूजा आटोपली की कळ दाबायची, ते वाक्य बघायचं आणि परत झोपवायचं. झोपलेल्या कॉम्प्युटरलाही वीज लागायची; ती गेली की परत येईपर्यंत यूपीएस कसाबसा तग धरायचा, तेवढा वेळ ती त्याच्यापाशी बसून राहायची. मी म्हटलं, छापून देते, कागद जपून ठेव.

"कागदावर आलं की संपलं," ती म्हणाली. "इथं अजून त्याचं माझं बोलणं चालू आहे."



बाबा वीज खात्यातून निवृत्त झालेले. शॉर्टसर्किटने जळालेली घरं त्यांनी पाहिली होती, त्यामुळे गावाला जाताना विजेचा मेन स्विच पाडल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कुलूप लावलं नाही. मला त्याचा वैताग यायचा, कारण फ्रिज रिकामा करण्याची कटकट माझ्या गळ्यात पडायची.

वर्ष उलटल्यावर नांदेडला मावशीच्या मुलीचं लग्न निघालं. आई नको म्हणत होती. बाबांनीच गळ घातली. मी हिमायतनगरच्या ऑफिसातून परस्पर गौलीगुड्याच्या बसस्टँडवर गेले. बस शहराबाहेर पडली तसे बाबा समाधानाने म्हणाले, "गॅस, नळ, मेन, सगळं बंद करून आलो. आता बेफिकीर बसा."

आईने माझ्याकडे पाहिलं.

"उठेल ना गं ते?"

मी नकारार्थी मान हलवली. बाबांना जरा उशिराच उमगलं. "पडदा काळा होता हौ," ते म्हणाले. "मला वाटलं, बंदच आहे."

लग्नात आईने अक्षता टाकल्या, आहेर केले, पाहुण्यांशी हसलीसुद्धा. मला ते हसणं बघवत नव्हतं.

घरी आल्यावर बाबांनी मेन चढवला. कॉम्प्युटर पहिल्यापासून सुरू झाला. पडदा कोराच्या कोरा, जणू त्याच्यावर कधी कोणी कोणाशी बोललंच नव्हतं. बाबा दारातून आत यायला तयार नव्हते. आई खुर्चीत बसली.

"आता हे बंद कसं करायचं," ती मला म्हणाली, "ते दाखव."