आत्याची सकाळची गोळी

माझी आत्या पोलादपूरच्या वर डोंगरातल्या एका वाडीवर एकटी राहते. दोन म्हशी, आठ शेळ्या आणि थोडी नाचणी. सत्तरीला आली तरी गवताचा भारा डोक्यावर घेऊन ती बोलत बोलत चढ चढायची आणि रिकाम्या हातांनी मागून येणाऱ्या मला दम लागायचा. मी महाडला ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते.

तीन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर तिच्या शेजारणीच्या सुनेचा फोन आला. "ताई, आत्यांना केस बांधता येत नाहीत. पंधरा दिवस झाले, माझ्याकडून बांधून घेतात आणि तुम्हाला कळवू नको म्हणतात."

मी रजा टाकून गेले. आत्याला सकाळी अंथरुणातून उठताच येत नव्हतं. खांदे आणि मांड्या लाकडासारख्या ताठ. दुपारपर्यंत थोडी मोकळी व्हायची, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. तेल चोळून झालं होतं, शेक झाला होता, कुणीतरी दृष्टही काढली होती.

"म्हातारपण हाय गो, दुसरा काय नाय," ती म्हणाली.

"म्हातारपण पंधरा दिवसांत येतं का?"

शेवटी म्हशी आणि शेळ्या शेजारणीच्या हवाली करून ती माझ्याबरोबर आली.

महाडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. डोकं दुखतं का, नजर अंधुक होते का, हे दोनदा विचारलं. मग म्हणाले, "आजी, हा उतारवयातला सुजेचा आजार आहे. गोळीने बरं वाटेल." चिठ्ठीवरचं नाव वाचून मी दचकले. "स्टेरॉइड?"

"मॅडम, तुम्ही तर हे शिकवत असाल," ते हसून म्हणाले.

शिकवत होते, वीस वर्षं. पण घरी आल्यावर आत्याने विचारलं, "ही गोळी पोटात जाऊन खांद्याला काय करनार?" आणि माझ्या लक्षात आलं, की माझ्याकडे फक्त पुस्तकातली इंग्रजी वाक्यं आणि बाणांची आकृती आहे. चहा गार होईपर्यंत मी तिला मराठीत सांगत बसले. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या रोज पहाटे एक रस जास्त सोडतात, त्यानेच उठायची ताकद येते. गोळी त्या रसाचीच बहीण. अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत त्या रसाला ओळखणारा एक रेणू असतो, त्याला रिसेप्टर म्हणतात. रस भेटला की तो पेशीच्या केंद्रकात जातो आणि जनुकांना हात घालतो. काही जनुकं चालू करतो, काही बंद. सूज वाढवणारी बंद झाली की खांदे सुटतात.

"मग लगेच का सुटत नायत?"

"जनुक चालू झालं तरी त्याचं काम अंगभर पोचायला वेळ लागतो, आत्या."

दुसऱ्या दिवशीही फरक नव्हता. "तुझा रिसेप्टर झोपलाय," तिने जाहीर केलं. तिसऱ्या सकाळी स्वयंपाकघरात खडखडाट ऐकून मी धावले. आत्या वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढत होती, दोन्ही हात डोक्याच्या वर! तिला स्वतःलाच ते नंतर कळलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसलो, की शेजारच्या बाई दार उघडून बघायला आल्या.

पुढचे आठ दिवस माझ्या घरात वादळ होतं. चार भाकऱ्या खाऊन ती पाचवी मागायची. माझी सगळी कपाटं तिने नव्याने लावली. हळद कुठे ठेवली ते मला अजून सापडायचंय. भाजीवाल्याशी भांडून कोथिंबिरीची जास्तीची जुडी आणली. पुढे काही आठवड्यांत तिचा चेहरा गोल झाला, साखर थोडी वाढली, हाडांसाठी कॅल्शियम सुरू झालं. एक रेणू इतक्या ठिकाणी जातो, हे मी फळ्यावर लिहिलं होतं; बघत होते पहिल्यांदाच.

ती वाडीवर परतली. तीन महिन्यांनी पुन्हा त्याच सुनेचा फोन. आत्या आडवी झाली होती; उलट्या, चक्कर, अंगात त्राण नाही. बरं वाटतं म्हणून तिने आठवड्यापूर्वी गोळ्या एकदम बंद केल्या होत्या. गाडी करून तिला थेट डॉक्टरांकडे आणलं. सलाईन, इंजेक्शन, आणि संध्याकाळपर्यंत ती मला ओरडण्याइतकी सावध झाली.

"बरी झाले तर गोळी कशाला खायची, सांग ना!"

"बाहेरून रस मिळतोय म्हणून मेंदूने त्या ग्रंथींना काम सांगायचंच सोडलंय. त्या सुस्तावल्यात. गोळी हळूहळू कमी केली की त्या हळूहळू जाग्या होतात."

"ह्या तू आधी नाय सांगितलास."

खरंच नव्हतं सांगितलं. माझ्या आकृतीत तो बाण होता, बोलण्यात राहून गेला. मी कान पकडले. तेव्हापासून डोसचा कागद मीच तिच्या भिंतीवर लावायचे.

त्या वर्षी हार्मोन्सच्या धड्याला मी तिला वर्गात नेलं. आधी लाजली, मग खुर्ची सोडून उभीच राहिली. एका मुलीने विचारलं, "आजी, नेमकी कोणती जनुकं बंद झाली?"

"ता तुमच्या बाईंना इचारा. माला येवढाच ठाव, सकाळी खाऊन गोळी घ्यायची नि मनाने सोडायची नाय."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. जनुकांची नावं मला तीनच आठवली. उरलेली दुसऱ्या दिवशी वाचून सांगितली.

गेल्या श्रावणात गोळी पूर्ण बंद झाली. डॉक्टरांनी सकाळच्या रक्तातल्या त्या रसाचा रिपोर्ट बघितला आणि ते म्हणाले, "आजी, आता तुमचं तुम्हाला पुरतंय." मला तिला जेवायला न्यायचं होतं. पण शेळी विणार होती, म्हणून ती पोलादपूरच्या पहिल्याच सहा आसनी रिक्षात चढली आणि मला हात करायचंही विसरली.