पहिली चिमटी

चामोर्शीच्या बसमध्ये शेजारचा माणूस पन्नीत खर्रा घोटत होता. चुन्या-तंबाखूचा तो वास नाकात शिरला आणि आमचं अंगण आठवलं.

जबड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन करून माझ्या नवऱ्याला नागपूरहून घरी आणलं होतं. नाकात नळी होती. भेटायला आलेले अंगणात बसून खर्राच घोटत होते. धाकट्या दिराने सवयीने तळहात पुढे केला, "घे भाऊ, पयली चिमटी तुयी."

"लाज नाई वाटत काय तुले?" मी ओरडले.

यांचे डोळे मात्र चमकले. चिमटी उचलून यांनी मोकळ्या नाकपुडीशी धरली आणि खोल श्वास घेतला.

तेव्हा दिराचा राग आला होता. आता यांचाच येतो. नळीतून पेज मी घालत होते, लाळ मी पुसत होते. आणि डोळे चमकले ते खर्र्याला.