गंगीची चूळ

किस्से आम्ही कधी मुद्दाम जमवले नाहीत. संध्याकाळी घरी पदर झटकला, की कापसाच्या तंतूंबरोबर दोन-चार खाली पडायचेच! कापसाला सोन्याचा भाव आला होता, तेव्हाची ही गोष्ट. अकोल्यात एका शेठच्या आवारात आम्ही बाया कापूस निवडायचो. काडीकचरा काढायचा, डागी कापूस बाजूला टाकायचा.

*

आमच्यातल्या गंगीला एक खोड होती. सकाळी हौदावर तोंडात पाणी घ्यायची, सूर्याकडे पाठ करायची आणि फुर्रर्र! हवेत क्षणभर इंद्रधनुष्य दिसायचं. मला तर तेवढ्यापुरतं घरदारही आठवायचं नाही.

मुकादम खेकसायचा, "पानी काहून नासून राहिली व?"

एकदा कुणी नाही असं बघून त्यानंही चूळ उडवली. पण सूर्याकडे तोंड करून! नुसत्या मिशा भिजल्या.

हौदामागून गंगी म्हणाली, "उन्हाकडं पाठ करा जी!"

*

आमच्यातली तिवसा गावची राधामावशी आणि मी एकदा गवतावरच्या एकाच दवबिंदूवरून भांडलो. ती म्हणे तांबडा, मी म्हणे निळा. शेवटी ती म्हणाली, "माह्या जागेवर येऊन पाह्य!" गेले, तर तांबडा! माझ्या जागेवर तिला निळा दिसला. मग सकाळभर आम्ही जागाच बदलत बसलो.

*

शेठनं मुंबईहून झुंबर मागवलं. काच फुटू नये म्हणून ते कापसात भरून आलं. वऱ्हाडात, कापसात! त्याचे काचेचे लोलक धुऊन वाळायला ओसरीवर टांगले, ऊन आलं आणि आमच्या पांढऱ्या ढिगावर रंगांचे पट्टे पसरले. इतकं सुंदर आवारात कधी काही दिसलं नव्हतं.

मुकादम किंचाळला, "अरे बाप्पा, सारा माल डागला! रंगीत कापूस निवडा!"

मूठभर उचलावा, तर हातात पांढराच! गंगी म्हणाली, "डाग आता माह्या हातावर आला जी!"

दुपारी ऊन सरकलं, रंग गेले. मुकादमानं शेठला छातीठोकपणे सांगितलं, "एकूनएक डाग काढून घेतला!"

*

लोलक उतरवले, तेव्हा एक कमी भरला. दुसऱ्या सकाळी शेठनं सगळ्यांना अंगणात उभं केलं. मुकादमानं बोट दाखवलं, "हे गंगीच! हिलेच रंगाचं याड हाये."

शेठ म्हणाला, "काच दे, नाहीतर चालती हो."

चोर म्हणून काढलेल्या बाईला दुसऱ्या कुठल्या आवारात काम मिळणार नव्हतं, आणि गंगीच्या घरात कमावणारी ती एकटीच.

गंगी हौदावर गेली, तोंडात पाणी घेतलं, शेठच्या शेजारी येऊन सूर्याकडे पाठ केली.

फुर्रर्र!

शेठच्या डोळ्यांसमोर सगळे रंग उमटले आणि विरले. पदरानं तोंड पुसत गंगी म्हणाली, "हे माह्या तोंडात हायेत, शेठजी. तुमची काच कायले चोरू?"

जिथं रंग होते तिथंच शेठ बराच वेळ बघत राहिला. मग मुकादमाला म्हणाला, "पाण्याचा लोटा आण."

आणि गंगीकडे वळून हळूच विचारलं, "पाठ कोणीकडं करायची?"