पहिल्या पायरीखाली पंधरा पत्रे

चहाचं आधण ठेवताना त्याच्या हातून आजही पाणी दोन कपांचंच पडलं. तीन वर्षं होत आली, पण हाताला काही केल्या समजत नव्हतं. मग नेहमीसारखे दोन्ही कप त्यानेच प्यायचे, एक वाफाळता आणि एक निवलेला, आणि वर स्वतःलाच सांगायचं की आज जरा तलफ जास्त होती.

ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केला होता आणि त्यात त्याची बायको दिसत होती. लेकीच्या जुळ्यांच्या बाळंतपणाला सहा महिन्यांसाठी म्हणून ती समुद्रापलीकडे गेली, आणि जुळ्यांना पाय फुटले तरी तिचा पाय काही तिथून निघाला नव्हता. आधी मुलं लहान, मग लेकीची नवी नोकरी, मग जावयाची बदली. आता मात्र तिकीट काढलेलं होतं. वीस तारीख. कॅलेंडरवर त्याने त्या चौकोनाभोवती मार्किंगच्या खडूने रेघ मारली होती आणि ती पुसू नये म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मारली होती.

"त्या दिवशी मी दुपारीच निघतो," तो म्हणाला. "विमानतळावर गर्दी असते."

"विमान रात्रीचं आहे हो. दुपारपासून काय तिथे झाडू मारणार आहात?"

"बसेन एका बाजूला."

ती हसली नाही. एरवी हसली असती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "अहो, संध्याकाळी फोन करते. जरा बोलायचंय."

"आत्ता काय कानात बोळे घालून बसलोय? बोल की."

"लेकीशी एकदा बोलून घेते, मग सांगते."

तेवढ्यात दार वाजलं. साधं वाजवणं नव्हे, कुणीतरी तळहाताने थापा मारत होतं. "बघा कोण आलंय ते," असं म्हणून तिने फोन ठेवूनही दिला.

दारात तीन गल्ल्या पलीकडच्या घरातली वहिनी उभी होती. पायात घरातल्या सपाता, केसांना कसाबसा चिमटा. तिच्या घराचं काम चालू होतं आणि तिथला जिना याच्याकडे होता.

"काका, आधी शब्द द्या, ओरडणार नाही म्हणून."

"काय झालंय तेच माहीत नाही, ओरडू कशावर?"

"फरशी बदलली मी." तिने एका दमात सांगून टाकलं. "साधी टाइल ठरली होती ना, पण दुकानात तो दगड बघितला आणि जीवच जडला माझा. तुम्ही लोखंड उभं करून गेलात, त्यानंतर बसवून घेतला. काल रात्री यांनी मोजलं, तर टाइलपेक्षा तीन सेंटीमीटर जाड निघाला. तीनच आहे. चालेल ना?"

त्याच्या हातात चहाची गाळणी तशीच होती. "मला चालेल हो, वहिनी. पायाला चालत नाही."

"आणि आज संध्याकाळी सासूबाई येताहेत परत. तीन महिने नणंदेकडे काढलेत त्यांनी धुळीमुळे. रोज विचारतात, जिना झाला का, म्हणून."

"चला तुम्ही पुढे. येतो." आणि तो निवलेला दुसरा कप त्या दिवशी तसाच राहिला.

त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. खरं नाव रेशनकार्डावर असेल तेवढंच. खिशात सदैव दोरीला बांधलेलं ते पितळी वजन, आणि कुणाच्या घरी चहाला गेला तरी भिंतीवरच्या फोटोची चौकट त्याच्या डोळ्यांत खुपायची. खिडक्यांच्या जाळ्या करता करता तो लोखंडी जिन्यांकडे वळला, आणि गेली काही वर्षं त्या अधांतरी जिन्यांचं खूळ निघालं तसा त्यातला जाणकार ठरला. मधोमध तिरका एकच लोखंडी कणा, त्याच्यावर दोन्ही बाजूंना पंख पसरून बसलेल्या लाकडी पायऱ्या, खाली सगळं मोकळं. बघणाऱ्याला वाटावं पायऱ्या हवेत तरंगताहेत. काम घेताना तो घरच्या माणसांना उगाच अंगणात इकडून तिकडे पाठवायचा, आणि ती चालताना त्यांच्या पायांकडे बघत उभा राहायचा. कोण पाय घासतं, कोण टाच आधी टेकवतं, कुणाचा गुडघा कुरकुरतो. माप टेपने घ्यायचाच, पण जिना मनात ठरायचा तो असा.

आयुष्यात त्याने मापाची एकच चूक केली होती, आणि तीही स्वतःच्या घरात. लग्नाच्या वर्षी खालच्या कारखान्यातून वरच्या खोलीत जायला त्याने जिना केला, तेव्हा खाली फरशी बसायची होती. मागाहून फरशी बसली आणि तळाची पायरी दोन बोटं बुटकी झाली. बायकोने पहिल्याच दिवशी ठेच खाल्ली आणि म्हणाली, "जगाचे जिने सरळ करा, घरचा मात्र असाच ठेवा." पुढे अठ्ठावीस वर्षं तिने ते वाक्य जिवंत ठेवलं. पाहुणा आला की आधी पाणी, मग ते वाक्य. तोही दर वर्षी म्हणायचा की यंदा नीट करतो. यंदा खरंच करणार होता. वीस तारखेच्या आत.

वहिनीच्या घरी त्याचा जोडीदार आधीच येऊन थडकला होता. त्याच्या आवाजामुळे त्याला भोंगा म्हणत. कण्याचा पाया नव्या दगडाखाली गाडला गेलेला बघून तो गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "उस्ताद, गेला आपला जिना! कापा आता बुडातून!"

"हळू बोल, बाबा. जिना आजारी आहे, बहिरा नाही."

वहिनीने कपाळाला हात लावला. "अख्खा कणा थोडा वर उचलला तर?"

"मग वरची शेवटची पायरी बुटकी होईल. चूक खालून वर जाईल एवढंच." ओळंबा दगडावर उकिडवा बसला आणि खडूने आकडे मांडू लागला. सोळा उड्या, म्हणजे पाऊल उचलायचे सोळा चढ, आणि पंधरा पायऱ्या. दगडाने खाल्लेले तीस मिलीमीटर सगळे एकट्या पहिलीच्या वाट्याला आले होते. त्याने वर बघितलं. "असं करू. दोन मिलीच्या पत्र्याचे तुकडे कापून आणू. पहिल्या पायरीखाली पंधरा पत्रे, दुसरीखाली चौदा, तिसरीखाली तेरा. असं करत शेवटच्या पायरीखाली एकच. तीस मिली सगळ्यांनी वाटून घ्यायचे. प्रत्येकीला दोन-दोन येतात. तेवढे पायाला कळत नाहीत."

"आणि दिसणार?"

"फळ्यांच्या आत जातील. तुम्हाला माहीत, मला माहीत."

"आणि मला," भोंगा म्हणाला.

"म्हणजे अख्ख्या गावाला," वहिनी म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

एकशेवीस तुकडे. कटिंगवाल्याकडून ते येईतो अकरा वाजले. एकेक थप्पी जुळवायची, कडांना वेल्डिंगचे टाके मारून ती एकसंध करायची, बैठकीवर ठेवायची, लेव्हल बघायची, वर फळी आवळायची. भोंगा खालून बोल्ट देत होता आणि प्रत्येक पायरीला वय सांगत होता, "ही पंधरा वर्षांची, ही चौदाची, शेवटची बघा कशी वर्षाची तान्ही." ओळंब्याने एरवी त्याला चार शब्द सुनावले असते. आज त्याचं लक्ष सारखं खिशातल्या मोबाइलकडे जात होतं. जरा बोलायचंय. चांगली गोष्ट सांगायची असती तर ती सकाळीच बोलून मोकळी झाली असती. तिच्या पोटात गोड बातमी तासभर टिकत नाही.

पाचच्या सुमारास कठड्याची शेवटची काच बसली आणि दारात रिक्षा थांबली. वहिनीच्या सासूबाई उतरल्या. बुटक्या, काटक, हातात स्वतःचीच पिशवी घट्ट धरलेली. आत येऊन त्यांनी जिना वरपासून खालपर्यंत न्याहाळला.

"अगं बाई, याला खालून काहीच नाही! हा जिना आहे की शिडीची फॅशन?"

"चढून तर बघा, आजी," भोंगा म्हणाला. "पडलात तर आम्ही आहोत."

"तू माझ्याआधी पडशील मेल्या. सरक बाजूला."

सपाता काढून त्या चढू लागल्या. ओळंबा खाली उभा राहून नेहमीसारखा फक्त पाय बघत होता. एक, दोन, तीन. पाय कुठेही अडखळला नाही. पहिल्या पायरीला तर नाहीच. वहिनीने त्याच्याकडे बघून डोळ्यांनीच हात जोडले. आजी पंधरावी ओलांडून वरच्या जमिनीवर पोचल्या, आणि पोचल्यावर त्यांनी आणखी एकदा पाऊल उचललं. तिथे पायरी नव्हतीच. पाऊल उंचावरून रिकामंच खाली आलं, सपाट जमिनीवर धप्प वाजलं, आणि त्यांनी पटकन कठडा धरला.

"आई!" वहिनी धावली.

"काही नाही गं. काही झालं नाही." त्या तिथेच वरच्या फळीवर बसल्या. हसत होत्या, पण पदर डोळ्यांशी गेला होता. "जुन्याला एक पायरी जास्त होती. चाळीस वर्षं अंधारात चढले, दिवा लावावा लागला नाही कधी. हे जायच्या आदल्या दिवशी त्यांना हाताला धरून वर नेलं, तेसुद्धा त्याच जिन्याने." मग खाली बघून म्हणाल्या, "मिस्त्री, तुझा जिना चांगला आहे हो. पायच जुना आहे."

तो पत्र्याचे उरलेले तुकडे पिशवीत भरत राहिला.

ते तुकडे त्याने मुद्दामच जास्तीचे कापून घेतले होते, घरासाठी. घरी आल्यावर हात-पाय धुवायच्या आधी त्याने आपल्या जिन्याच्या तळाच्या पायरीवर दोन बोटं उंचीची थप्पी नुसतीच ठेवून बघितली. वरच्या पायऱ्यांचं मग बघू. चार पायऱ्या वर गेला आणि उतरला. शेवटी पाय जमिनीकडे टाकला, तर जमीन हवी तिथे नव्हतीच. टाच दणकन खाली आली आणि दाढेवर दाढ आपटली.

तो तसाच पायरीवर बसून राहिला. गेली अठ्ठावीस वर्षं ती या जिन्यावरून रोज सकाळी उतरायची आणि तो खाली कारखान्याच्या खोलीत पाठमोरा काम करत असायचा. मान वर करायची कधी गरज पडली नाही. लेकीच्या वेळेपासून तिचा डावा पाय जरा जड पडायचा. एक हलकं, एक जड, एक हलकं, एक जड, आणि तळाशी आली की ती बुटकी पायरी घाईघाईने उरकायची, दोन पावलं एकात एक मिसळून. आणि लगेच, "अहो, चहा." जिना बोलायचा आधी, ती मागाहून. तीन वर्षं तो मोबाइलवर तिचा चेहरा बघत होता, आवाज ऐकत होता, ती काय जेवली इथपर्यंत सगळं त्याला माहीत असायचं. पायांचा आवाज मात्र त्यात कधी आलाच नव्हता. ती त्या डब्याएवढ्या चौकोनात नेहमी बसलेलीच असायची.

ती आली आणि या सरळ केलेल्या पायरीवर तिचा पाय असाच आपटला, तर? त्याने थप्पी उचलली, पत्रे पुन्हा पिशवीत घातले आणि पिशवी भिंतीवरच्या फळीवर मागे सारली.

सहाला तो वर ओट्याशी असताना फोन वाजला. तिकडे सकाळ होती. तिच्यामागे खिडकीतून ऊन आलं होतं आणि घर शांत होतं, मुलं बहुतेक पाळणाघरात गेलेली.

"जेवलात का?" तिने विचारलं.

"सहा वाजता कोण जेवतं गं?"

"हो, खरंच की." तिने पुन्हा पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "अहो, ते तिकीट..."

"पुढे ढकललंस."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सकाळी तू हसली नाहीस, तेव्हाच कळलं."

ती बराच वेळ बोलत राहिली. लेकीला कामानिमित्त दुसऱ्या शहरी जावं लागणार होतं, जावई एकटा, पोरं एकाआड एक आजारी. सहा महिने. फार तर सात. लेकीने म्हणे विचारलंही नव्हतं, नुसती रडली होती, आणि मग आईने काय करायचं? तो हं हं करत होता. त्यालाही दुसरं उत्तर देता आलं नसतं. लेक त्याचीही होती.

"रागावलात?"

"नाही गं."

"तुम्ही ती पायरी नीट करणार होतात ना, मी यायच्या आत? चला, आता भरपूर वेळ मिळाला तुम्हाला." तिने हसायचा प्रयत्न केला.

"ती राहू दे आहे तशी."

"का हो? इतकी वर्षं तर..."

"राहू दे." त्याने मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवला, मग पुन्हा हातात घेतला. "तिथे जिना आहे ना गं? तू म्हणाली होतीस, लाकडी आहे."

"आहे की. चौदा पायऱ्या. का?"

तिच्याकडे त्याने आजवर काही मागितलं नव्हतं, एक ग्लास पाणीसुद्धा उठून स्वतः घ्यायचा. त्यामुळे कसं मागतात ते त्याला नीट जमलं नाही. सरळच म्हणाला,

"फोन हातात ठेव, आणि एकदा त्या जिन्यावरून खाली उतर. बोलू नकोस काही. मला नुसतं ऐकायचंय."