खलातली पिवळी पूड

बेकरीत व्हॅनिलाचा वास आला की मला आमच्या सोलापूरच्या कॉलेजातली रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आठवते, आणि तिथं खलात व्हॅनिलिनची पूड दुसऱ्या एका पांढऱ्या पुडीबरोबर घोटत उभी असलेली मंद्रूपची माझी विद्यार्थिनी. तिला पाचवा महिना होता. या दोन पुडींपासून पिवळा पदार्थ करायची ही प्रक्रिया आम्ही टोल्युइन नावाच्या उग्र द्रावकात, वर वाफ थंड करणारी कंडेन्सरची नळी लावून, तासन्‌तास उकळून करायचो. त्या वाफेनं तिला मळमळायचं, म्हणून तिनं द्रावक न घालता नुसतं घोटून पाहिलं होतं. "सर, बघा की, पिवळं झालं. उकळायची गरजच न्हाय," ती म्हणाली. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बाई, शेंगाचटणी घरी कुटा. इथं बाहेरचे परीक्षक कंडेन्सर लावलेला बघायला येतात." वर्ग हसला. "चटणी तरी कुटल्याशिवाय कुटं लागती, सर," असं म्हणून तीही हसली, आणि नाकाला ओढणी बांधून तिनं टोल्युइनची बाटली उघडली. ती घरी गेल्यावर मी खलातली चिमूटभर पूड तपासली. पदार्थ उकळून मिळतो तोच होता आणि अगदी शुद्ध होता. दुसऱ्या दिवशी तेवढं सांगितलं असतं तर तिचं वर्ष वाचलं असतं, पण वर्गासमोर माझं चुकलं म्हणायला जीभ वळेना, आणि आठवड्याभरात तिनं यायचं सोडलं. आता मी पोरांना ही प्रक्रिया घोटूनच करायला लावतो. "सर, ही युक्ती तुमची का?" असं कुणी ना कुणी विचारतंच, आणि आजवर मी एकदाही 'नाही' म्हणालेलो नाही.