फटफटीचा घाम

म्हैसूर संस्थानच्या पोलीस खात्यात माझी उमर गेली. खून पाहिले, दरोडे पाहिले. तरी कुणी जुनी हकिकत विचारली की मला पहिल्यांदा आठवते ती एक फटफटी आणि तिच्या टाकीतून नाहीसे होणारे पेट्रोल. हसू नका. त्या पेट्रोलपायी एका म्हाताऱ्याची अब्रू जायची वेळ आली होती.

फटफटी आमच्या गोऱ्या साहेबांची. गावात तेव्हा मोटारीच मोजक्या, त्यात ही दोन चाकांची विलायती चीज म्हणजे नवलच. ठेवायला जागा नव्हती, म्हणून कचेरीच्या तबेल्यात घोड्याचे एक ठाण रिकामे केले आणि देखभालीला तिथलाच मोतद्दार नेमला. हा मोतद्दार आमच्या मराठी लोकांपैकी. जन्म घोड्यांच्या चाकरीत गेलेला. त्याचा पणजा म्हैसूरच्या फौजेत शिलेदार होता, आणि दसऱ्याच्या स्वारीत त्या पणज्याची तलवार घेऊन चालण्याचा मान या घराण्याकडे होता. बाकी इस्टेट म्हणाल तर तेवढीच.

साहेब संध्याकाळी स्वतःच्या हाताने टाकी काठोकाठ भरीत. सकाळी पाहावे तर पेट्रोल खाली गेलेले. जमिनीवर डाग नाही, ओल नाही. रोज हेच चालले, तेव्हा एका हवालदाराने साहेबांचे कान फुंकले. मोतद्दाराच्या रुमालाला पेट्रोलचा वास येतो, तो ते मोटारवाल्यांना विकतो, अशी ती खबर. साहेबांनी मला बोलावून घेतले.

"दसऱ्याच्या आत कबुली घ्या," ते म्हणाले. "चोर महाराजांच्या स्वारीत चालणार नाही."

खंडेनवमी तोंडावर आली होती.

मी खबरीवर कधी रागावलो नाही, आणि नुसत्या खबरीवर कुणाला आतही टाकले नाही. रुमाल मागवून हुंगला. वास होता. मग मोतद्दाराला माझ्या खोलीत बसवले आणि दोन पेले कॉफी मागवली. चौकशीत आरडाओरडा करणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले. ओरडले की माणूस घाबरून वाटेल ते कबूल करतो आणि पुढे कोर्टात आपली फजिती होते. कॉफी त्यापेक्षा स्वस्त पडते.

"काका, रुमालाला हा वास कसला?"

"रोज पुसतो की स्वामी. घाम येतो तिला."

"कुणाला?"

"फटफटीला. घोडा धावून आला की घामेजत न्हाई का, तसंच. रात्रभर येतो. सकाळी अंग पुसून काढतो आणि खालचं गवत बदलतो."

"गवत कशाला घालता?"

"ठाणात उभं केलेलं जनावर बिनगवताचं कसं ठेवायचं?"

खबर देणारा तो हवालदार दाराशीच उभा होता, तो फिसकन हसला. मला हसू आले नाही. जमिनीवर डाग का नाही, ते मला कळले होते. जे काही गळत होते ते गवत पीत होते आणि सकाळी उकिरड्यावर जात होते.

"हा घाम नेमका कुठून येतो?" मी विचारले.

एवढा वेळ मोकळेपणी बोलणारा माणूस एकदम मूग गिळून बसला. "गोत्तिल्ला स्वामी," म्हणाला, ठाऊक नाही, आणि मान खाली घातली. इथेच कुठेतरी पाणी मुरत होते. त्याला घरी पाठवून मी तबेला गाठला.

रात्रीतून खाली गेलेल्या पेट्रोलात वेळूची एक काडी बुडवून ओल जिथवर चढली तिथे खूण केली. पुढचे दोन-तीन दिवस साहेबांनी टाकी काठोकाठ भरली, आणि रोज सकाळी पेट्रोल बरोबर त्या खुणेशी येऊन थांबलेले. मग एक दिवस साहेबांना सांगून टाकी खुणेपर्यंतच भरवली. त्या रात्री थेंबसुद्धा कमी झाला नाही. आता मला सांगा, रोज एकाच खुणेपर्यंत चोरणारा चोर कुणी पाहिला आहे? चोर असा शिस्तीचा असता तर पोलीस खाते कशाला लागले असते?

बाहेरून काडी धरून पाहिली. त्याच उंचीवर टाकीच्या कडेला शेंदराचा एक टिळा होता, आणि टिळ्याखाली लाल ओघळ. आमचे घराणे मूळचे रंगाऱ्यांचे, रंगाचे मला शिकवावे लागत नाही. तेलात कालवलेला शेंदूर पाण्याने हलत नाही. घासलेटाने मात्र ओघळतो, आणि पेट्रोल म्हणजे घासलेटाचाच भाऊबंद. मी नखाने शेंदूर खरवडला. खाली पोचा होता, आणि डाकाच्या जोडाला केसाएवढी चीर.

मोतद्दाराला बोलावून तो पोचा दाखवला. उघडा पडलेला पत्रा पाहताच त्याचे डोळे भरून आले.

"नवी आली त्या दिवशी पूजा झाली," तो हळू आवाजात म्हणाला. "आरतीला सगळे डोळे मिटून उभे. सायबांनी हौसेनं नारळ स्वतः घेतला, आणि दगडावर फोडायचा सोडून हिच्याच टाकीवर हाणला. त्यांना काय ठाऊक? लोक हसतील म्हणून मी वर शेंदूर लावला. तिथून घाम येतो म्हटलं असतं तर तुम्ही शेंदूर काढून बघितलं असतं. चारचौघांत त्यांचं नाव घेऊ नका स्वामी. त्यांचं मीठ खातो मी."

"आणि तुमची तलवार?"

"यंदा भिंतीवर राहील."

मला त्याचा संताप आला, आणि त्याच्या पाया पडावेसेही वाटले. चोर सोडून संन्याशाला सुळी असे ऐकले होते. इथे संन्यासी आपण होऊन सुळावर चढत होता.

खंडेनवमीच्या आदल्या दुपारी मी फटफटी कचेरीच्या अंगणात आणवली. चिरेवर ताजा शेंदूर लावला, खाली आमच्या घरचे एक पांढरे कापड पसरले आणि साहेबांना विनंती केली, "टाकी आपणच भरा आणि इथेच बसा. कुणी हात लावणार नाही." साहेब खुर्ची टाकून बसले. हवालदारही होता, मोतद्दारही होता. काही वेळाने टिळा ओला झाला, ओघळला, आणि पांढऱ्या कापडावर टपटप लाल थेंब पडू लागले.

साहेब उठून वाकले. पोच्यावरून बोट फिरवीत मोडक्या हिंदुस्थानीत त्यांनी विचारले, "हा मार कशाचा?"

मोतद्दाराने माझ्याकडे पाहिले. त्याची नजर मला आजही दिसते.

"नारळाचा, साहेब," मी म्हणालो. कुणाच्या हातचा, ते मी बोललो नाही.

साहेब बराच वेळ स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत राहिले. मग सगळ्यांदेखत टोपी काढून म्हाताऱ्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या हातचा." हवालदाराला तोंड लपवायला जागा उरली नाही.

दसऱ्याला स्वारी शमीपूजनासाठी बन्नीमंटपाकडे निघाली तेव्हा मी बंदोबस्तात होतो. म्हातारा तलवार खांद्याशी धरून ताठ चालत गेला. माझ्याकडे त्याने वळूनही पाहिले नाही, आणि ते बरोबरच होते. स्वारीत चालणारा माणूस इकडेतिकडे पाहत नाही.

पुढे मी शेकडो माणसांची चौकशी केली. गप्प बसणारा माणूस दिसला की माझ्या हाताखालचे लोक म्हणत, साहेब, हाच चोर. मी म्हणे, थांबा. गप्प बसणारा प्रत्येक जण स्वतःला वाचवत नसतो. तो कुणाला झाकतो आहे ते आधी शोधा. या एका नियमाने मला नोकरीभर यश दिले, आणि तो मला एका मोतद्दाराने शिकवला.

पुढल्या खंडेनवमीला फटफटीची पुन्हा पूजा झाली. साहेबांनी नारळ उचलला, क्षणभर थांबले, आणि दोन्ही हातांनी तो म्हाताऱ्याच्या पुढे धरला. म्हाताऱ्याने तो कपाळाला लावला, फटफटीपासून चांगला लांब चालत गेला, आणि दगडावर फोडला.