दार लावून पिंजलेला कापूस

चंद्रपूरच्या एका कॉलेजात मी इंग्रजी कविता शिकवते. दोनशे वर्षांपूर्वीचे रोमँटिक कवी दरवर्षी माझ्याच वाट्याला येतात. त्यांनी शहराच्या गल्ल्यांतली काजळी पाहिली, कामाला जुंपलेली लेकरं पाहिली, आणि ही गरिबी देवानं दिलेली नाही, माणसानं लादलेली आहे, हे छातीठोकपणे लिहिलं. इथपर्यंत मी त्यांच्या पायाशी बसायला तयार आहे. पण पुढं त्यांच्यातले बरेचसे रानाकडे वळतात. डोंगर, झरा, मोकळा वारा, की सुटला माणूस. तिथं माझं डोकं फिरतं. मुलं मात्र नेमकं तेवढंच अधोरेखित करतात.

माझे अब्बा पिंजारी होते. बाजारामागच्या बोळात आमचं गादी-रजईचं दुकान होतं. पुढं यंत्र, मागं आम्ही. कापूस पिंजताना दारं-खिडक्या बंद ठेवाव्या लागतात, पंखासुद्धा चालत नाही. जराशी झुळूक आली की पिंजलेला कापूस उडून घरभर होतो. त्यामुळे अब्बा आयुष्यभर कोंडलेल्या खोलीत तो बारीक धुरळा गिळत बसले. संध्याकाळी गुळाचा खडा तोंडात टाकायचे. गुळानं छाती साफ होते, असं त्या धंद्यात सगळेच मानतात. आम्हीही मानायचो, कारण डॉक्टरपेक्षा गूळ जवळ होता.

मी एम.ए.ला असताना त्यांना दुकानाची पायरीही चढवेना. डॉक्टर म्हणाले, छाती खराब झालीय, पुन्हा धुळीत बसले तर वाचणार नाहीत, मोकळ्या हवेत न्या. मला हा उपाय ओळखीचाच वाटला. रोज तेच तर वाचत होते. कुरखेड्याला खालाचं, माझ्या मावशीचं, घर होतं, परसदारापासून जंगलच सुरू. चंद्रपुरात वाळत घातलेली ओढणी धुराड्यांच्या काजळीनं संध्याकाळपर्यंत काळवंडायची, तिथं पांढरी राहायची. अब्बांना तिथं पोचवलं. थोड्याच दिवसांत फोनवर ते एका दमात बोलले, आणि मी वेडी त्या कवींवर खूश झाले.

मग गावात कळलं की पिंजारी आलाय.

धानाची कापणी आटोपली, थंडी पडू लागली. सुट्टीत मी गेले तेव्हा खालाच्या ओसरीवर जुन्या, गोळे झालेल्या गाद्यांचा ढीग होता. आतून पिंजायच्या तातीचा टणत्कार येत होता. तिथं यंत्र नव्हतं, म्हणून अब्बांनी दादाजींची, कापूस हातानं पिंजायची जुनी धनुकली मागवून घेतली होती.

“म्या लई सांगितलं, आयकतच नाई,” खाला म्हणाली.

ओसरीवर गादी घेऊन आलेली एक बाई बसली होती. मी चंद्रपूरची आहे हे कळताच ती म्हणाली, “तिकडं काई काम असन त सांगा ना, बाई. इथी काई उरलं नाई.” आम्ही शहर सोडून जिथं आलो, तिथून तिला शहरात पळायचं होतं. दुरून डोंगर साजरे, आणि तिला दुरून धुराडी साजरी. दोघींना कुठंच जागा नव्हती.

मी आत गेले. खोलीत समोरचं दिसत नव्हतं. अब्बांच्या भुवया, दाढी, सगळं कापसानं भरलेलं.

“डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, अब्बा?”

“दुसऱ्याच्या घरी रिकामा बसून काऊन खाऊ? दुसरं काई येते का मले?”

खरंच येत नव्हतं. लहानपणापासून त्यांना दुसरं काही शिकूच दिलं नव्हतं कुणी. गरिबी काही मागं चंद्रपुरात राहिली नव्हती. त्यांच्या हाताला चिकटून तीही बसमध्ये चढली होती. मला रडू आलं, त्याहून जास्त संताप आला. मी जाऊन परसदार सताड उघडलं.

जंगलाचा गार, स्वच्छ वारा आत घुसला. त्यांनी दिवसभर पिंजलेला कापूस उठला आणि खोलीभर पसरला. अब्बा गुडघ्यांवर रांगत दोन्ही हातांनी तो दाबून धरू लागले. बोलायला त्यांना दम पुरत नव्हता.

“दार लाव, बेटा,” ते कसेबसे म्हणाले. “उडून राह्यलं सगळं.”

मी दार लावलं आणि त्यांच्यासोबत खाली बसून कापूस गोळा करू लागले.

थंडी सरायच्या आत आम्ही अब्बांना कुरखेड्यातच दफन केलं. त्या रात्री खालाच्या गल्लीतली बहुतेक घरं त्यांनी पिंजलेल्या गाद्यांवर निजली होती.